धड पायाचें दुःख

आमच्या वाचकांच्या घरीं बर्फ ठाऊक आहे तो सरबतांत घालावयाचा, किंवा वैशाखांत गोळेवाला किसून त्यावर रंगीत पाक ओततो तो. आमच्या डोणगांवास त्याहून अधिक परिचय असण्याचें कारण नाहीं. मेहकर तालुक्यांतील हें गांव. उन्हाळ्यांत येथील काळी माती भेगाळते, आणि गोणपाटांत गुंडाळून आणलेली बर्फाची लादी भर दुपारीं किती वेळ टिकते हें शाळेंतील लहान पोरही सांगूं शकेल. अशा ठिकाणीं बसून बर्फावर नाचणाऱ्या एका मुलीची हकीकत आम्ही सांगावयास घेतली आहे, हें पाहून कोणास हसूं आल्यास आम्हांस नवल वाटणार नाहीं. परंतु त्या मुलीच्या वाट्यास जें दुःख आलें, तें आपल्या चारचौघांच्या घरांत नित्य घडणारें आहे. फक्त तें आपल्या डोळ्यांस दिसत नाहीं. तिच्या गोष्टींत तें स्वच्छ दिसतें, म्हणून आज हा विषय.

मुलीचें नांव टाय बॅबिलोनिया. आपल्याकडे घरोघरीं असते ती 'ताई' नव्हे. तथापि वाचकांनीं मनांत तसें म्हटल्यास बिघडत नाहीं. तिचा जन्म २२ सप्टेंबर १९५९ रोजीं अमेरिकेंत, लॉस एंजल्स शहरीं झाला. वडील पोलीस खात्यांत नोकरीस. त्यांच्या रक्तांत फिलिपाईन्स बेटांचा आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा वारसा होता. आई आफ्रिकन वंशाची. फिलिपाईन्स हा देश १८९८ पासून १९४६ पर्यंत अमेरिकेच्या ताब्यांत होता. त्या काळांत तेथील पुष्कळ माणसें समुद्र ओलांडून हवाई बेटांत व कॅलिफोर्नियांत शेतमजुरीस गेलीं व तेथेंच त्यांचीं घरें वसलीं. ज्या देशांत हिंवाळ्यांतही पाणी गोठत नाहीं, त्या देशाच्या रक्ताची मुलगी बर्फावरील खेळांत जगांत पहिली आली, यांत आश्चर्य नाहीं असें कोण म्हणेल? पुढें २०१४ सालीं रशियांतील सोची येथें झालेल्या हिंवाळी ऑलिंपिकमध्यें मायकेल ख्रिश्चन मार्टिनेझ हा प्रत्यक्ष फिलिपाईन्सचा तरुण याच खेळांत उतरला व एकोणिसावा आला. त्या वेळीं त्याच्या देशाच्या वतीनें गेलेला तो एकटाच खेळाडू होता. आपल्याकडे शिमल्यास १९२० पासून नैसर्गिक बर्फाचें क्रीडांगण आहे; आणि अलीकडे अमेरिकेंत जन्मलेली तारा प्रसाद ही तरुणी भारताच्या वतीनें परदेशच्या स्पर्धांत उतरली. तेव्हां उष्ण देशाचें रक्त आणि बर्फ यांचें वैर आहे असें समजण्याचें कारण नाहीं.

या खेळास फिगर स्केटिंग म्हणतात. जोड्याच्या तळव्यास पोलादाचें एक पातें बसविलेलें असतें. त्याची रुंदी जेमतेम चार मिलिमीटर. त्यांतही मधोमध खोलगट खांच असून दोहों बाजूंस दोन धारा असतात. खेळाडूच्या साऱ्या देहाचा भार बहुतेक वेळ या दोन धारांपैकीं एकीवरच असतो. अंग एका बाजूस कललें कीं बर्फावर एक कमान उमटते, दुसऱ्या बाजूस कललें कीं दुसरी. पूर्वीं या धारांनीं बर्फावर आठाच्या आंकड्यासारख्या आकृति कोरून परीक्षकांस दाखवाव्या लागत; त्यावरूनच खेळास हें नांव पडलें. पात्याच्या अग्रभागीं करवतीसारखे दांते असतात, त्यांचा उपयोग उडी घेतांना होतो. खेळाचें आंगण साठ मीटर लांब व तीस मीटर रुंद असतें, आणि त्याच्या पोटांत नळ्यांचें जाळें पसरून त्यांतून थंड केलेलें खारें पाणी फिरवीत असतात. म्हणजे बाहेर ऊन असलें तरी आंतील बर्फ तसाच राहतो. लॉस एंजल्ससारख्या उबदार शहरांत ही कला वाढली ती या युक्तीमुळें.

आपल्या मुलींनीं आंगणांत हात पसरून गिरकी घेतली आहे. गिरकी घेतां घेतां पसरलेले हात छातीशीं आंवळले कीं वेग एकाएकीं वाढतो, हें त्यांस कोणी शिकवावें लागत नाहीं. पदार्थविज्ञानांत यास कोनीय संवेगाचें अक्षय्यत्व म्हणतात. बर्फावर घर्षण अत्यल्प असल्यामुळें तीच गिरकी इतकी वेगवान होते कीं पाहणाऱ्यास माणूस न दिसतां नुसती रेघ दिसावी. बल आणि लालित्य यांचा असा संगम आपल्याकडे पाहावयाचा तर मल्लखांबांत पाहावा. आमच्या वऱ्हाडांतील अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं भारतीय व्यायामप्रकार दाखवून आलें होतें, ही गोष्ट जुन्या वाचकांस स्मरत असेल. खांबावर अधांतरीं देह तोलून धरणाऱ्या मुलाच्या मुद्रेवर आयास दिसूं नये, ही जी अपेक्षा तेथें असते, तीच बर्फावरही असते.

या खेळांत एकेकट्याचे प्रकार आहेत, तसाच जोडीचाही आहे. एक पुरुष व एक स्त्री मिळून संगीताच्या तालावर तीं तीं कौशल्यें दाखवितात. वेगानें सरकत असतांना तो तिला उचलतो आणि डोक्याच्याही वर, सरळ केलेल्या हातावर तोलून धरतो. केव्हां तो तिला दूर फेंकतो, ती हवेंत फिरून एका पायावर उतरते. केव्हां तो जागच्या जागीं खुंटासारखा फिरतो आणि ती त्याच्या एका हाताच्या आधारानें, मस्तक बर्फास टेकतें न टेकतें अशी आडवी होऊन, त्याच्याभोंवतीं वर्तुळ काढते. डोक्यावर शिरस्त्राण नसतें. खालीं गादी नसते. त्याचा पाय बोटभर चुकला तर पडणारी ती असते. म्हणून जोडीच्या खेळांत पहिला धडा उडीचा नसून विश्वासाचा असतो, आणि तो शिकावयास वर्षें लागतात.

टायला हा धडा देणाऱ्या पहिल्या गुरु मेबल फेअरबँक्स या बाई. त्यांची कथा स्वतंत्र लेखास पुरेल. १९३० नंतरच्या दशकांत न्यूयॉर्कमध्यें, त्या काळ्या वर्णाच्या म्हणून त्यांस बर्फाच्या क्रीडांगणांत पाऊल टाकूं देत नसत. अंगीं विद्या असूनही राष्ट्रीय स्पर्धेंत उतरण्याची संधि त्यांस कधींच मिळाली नाहीं. त्यांनीं जाहीर खेळांत आपली कला दाखविली, पुढें कॅलिफोर्नियांत येऊन शिकवावयास आरंभ केला, आणि ज्या दारांतून आपणांस परत पाठविलें त्या दारांतून दुसऱ्यांचीं मुलें आंत नेलीं. अमेरिकेच्या या खेळाच्या कीर्तिमंदिरांत १९९७ सालीं त्यांचें नांव घेतलें गेलें. तो मान मिळविणाऱ्या आफ्रिकन वंशाच्या त्या पहिल्या होत. विद्या आपल्यापाशीं अडवून न ठेवतां पुढें देणें हाच अपमानाचा खरा परिहार, असें आम्हां शिक्षकांच्या पिढीस शिकविलेलें होतें. फेअरबँक्स बाईंनीं तें आचरून दाखविलें.

१९६८ सालीं एका छोट्या बर्फावरील कार्यक्रमासाठीं बाईंस एक मुलगा व एक मुलगी यांची जोडी हवी होती. त्यांनीं टायला निवडलें. ती तेव्हां आठ वर्षांची होती. मुलगा रँडी गार्डनर, तिच्याहून थोडा मोठा. परक्या मुलाचा हात धरावयास मुलगी लाजत होती, म्हणून बाईंनीं लहानसहान वस्तूंचें आमिष दाखवून तिला राजी केलें. आपल्या शाळेच्या संमेलनांत असे प्रसंग किती घडतात! परंतु तो धरलेला हात पुढें चाळीस वर्षांच्या आसपास सुटला नाहीं, हें या गोष्टींतील विशेष.

पुढें दोघें जॉन निक्स यांच्याकडे शिकूं लागलीं. निक्स हे इंग्रज. आपल्या बहिणीसह त्यांनीं १९५३ सालीं जोडीच्या खेळाचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें होतें. ते अमेरिकेंत आले त्यामागें एक मोठी आपत्ति होती. १५ फेब्रुवारी १९६१ रोजीं ब्रुसेल्सजवळ एक विमान कोसळलें. त्यांत जागतिक स्पर्धेसाठीं प्रागला निघालेला अमेरिकेचा सबंध संघ, अठरा खेळाडू, आणि त्यांचे कित्येक शिक्षक प्राणास मुकले. एका क्षणांत त्या देशांतील या कलेची एक पिढी नाहींशी झाली. ती पोकळी भरून काढावयास जे परदेशी शिक्षक गेले, त्यांत निक्स होते. पंधरा फेब्रुवारी ही तारीख वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ती पुन्हां येणार आहे.

निक्स यांच्या हाताखालीं दोघांची प्रगति झपाट्यानें झाली. १९७३ सालीं तीं देशांत कनिष्ठ गटांत पहिलीं आलीं. १९७६ पासून १९८० पर्यंत ओळीनें पांच वर्षें वरिष्ठ गटाचें राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्याकडेच राहिलें. १९७६ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्यें तीं पांचवीं आलीं. १९७७ व १९७८ च्या जागतिक स्पर्धांत तिसरीं. १९७९ सालीं व्हिएन्ना येथें मात्र तीं जगांत पहिलीं ठरलीं. अमेरिकेच्या जोडीस हें पद १९५० नंतर प्रथमच मिळत होतें, आणि आफ्रिकन वंशाच्या कोणाही खेळाडूनें या खेळांत जागतिक अजिंक्यपद मिळविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मेबल बाईंस ज्या दारावर अडविलें होतें, त्या दारावरील तोरण त्यांच्या शिष्येनें बांधलें.

या विजयास एक उणीव होती, आणि ती लपवून ठेवणें योग्य नव्हे. जोडीच्या खेळांत त्या काळीं सोव्हिएत रशियाचें साम्राज्य होतें. इरीना रॉडनिना ही असामान्य स्त्री १९६९ पासून १९७८ पर्यंत दर वर्षीं, एकंदर दहा वेळां, जगज्जेती झालेली. १९७२ व १९७६ या दोन्हीं ऑलिंपिकचीं सुवर्णपदकें तिचींच. १९७९ सालीं ती बाळंतपणामुळें स्पर्धेंत नव्हती. म्हणून लोक म्हणत, 'रॉडनिना असती तर?' याचें उत्तर फेब्रुवारी १९८० मध्यें अमेरिकेंतच, लेक प्लॅसिड येथील हिंवाळी ऑलिंपिकमध्यें मिळणार होतें. रॉडनिना पुत्रवती होऊन आपला पति झाइत्सेव्ह याच्यासह परत आली होती. एका बाजूस ती. दुसऱ्या बाजूस बारा वर्षें एकमेकांचा हात धरून वाढलेलीं हीं दोघें. सबंध देश त्या सामन्याची वाट पाहत होता.

स्पर्धेपूर्वीं कांहीं दिवस सराव करतांना रँडीच्या जांघेचा स्नायु दुखावला. लेक प्लॅसिडला तें दुखणें आणखी बळावलें. १५ फेब्रुवारीच्या रात्रीं, विमानाच्या त्या अपघातास बरोबर एकोणीस वर्षें झालीं त्या दिवशीं, जोड्यांचा पहिला भाग होता. वेदना जाणवूं नये म्हणून त्यास बधिर करणारी सुई टोंचण्यांत आली. परंतु बधिर झालेल्या पायास वेदना कळत नाहीं, तसा बर्फही कळत नाहीं. आणि या खेळांत पायाखालच्या धारेची जाणीव हेंच सर्वस्व. खेळापूर्वीं सर्व जोड्यांस अंग मोकळें करण्यास थोडीं मिनिटें देतात. त्या मिनिटांत रँडी पडला. उठला, पुन्हां प्रयत्न केला, पुन्हां पडला. असें अनेकदां झालें. प्रेक्षागार निःशब्द. निक्स यांनीं दोघांस माघारें बोलाविलें आणि जोडी स्पर्धेंतून काढून घेतली. टाय रडत बर्फावरून बाहेर गेली. दूरचित्रवाणीवर कोट्यवधि लोकांनीं तें पाहिलें. सुवर्णपदक रॉडनिना व झाइत्सेव्ह यांस मिळालें, आणि 'असती तर?' याचें उत्तर कायमचें अनुत्तरित राहिलें.

आतां आम्हांस जें म्हणावयाचें आहे तें म्हणतों. त्या रात्रीं टायच्या पायास कांहींएक झालें नव्हतें. वीस वर्षांची निरोगी मुलगी. देह सज्ज, विद्या संपूर्ण, वेळ आलेली. तथापि बारा वर्षांचें तप तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या एका स्नायूबरोबर संपलें. रँडीस वैद्य होते, औषध होतें, विश्रांति होती, सहानुभूति होती. आणि तीं सर्व त्यास योग्यच होतीं. परंतु जिचा पाय धड होता तिला कोणतें औषध? तिनें कोणावर रागवावें? रागावली तर कृतघ्न, आणि न रागावली तर तें दुःख जाणार कोठें? जखम असेल तर ती दाखवितां येते; धड पायाचें दुःख दाखवावयासही जागा नसते.

शेतकऱ्याच्या घरीं हें फार लवकर समजतें. मृगाचा पाऊस पडून वाफसा झाला आणि जोडींतील एका बैलाचा पाय मुरगळला, तर दुसराही दावणीसच उभा राहतो. त्याच्या खुरांस कांहीं झालेलें नसतें, खांद्यांत बळ असतें, शेजारच्या शेतांत तिफण चाललेली त्यास ऐकूं येते. गांवचें कोणी माणूस आलें तर लंगड्या बैलाची चौकशी करून जातें. जाणता शेतकरी मात्र त्या दुसऱ्याच्याही पाठीवरून हात फिरवितो आणि त्यास ओढ्यावर फिरवून आणतो. कारण नुसतें उभें राहून धड बैलही खचतो, हें त्यास ठाऊक असतें.

एकत्र कुटुंबांत तर जवळजवळ सारेंच काम जोडीचें. पति दीर्घ दुखण्यानें अंथरुणास खिळला, तर येणारा जाणारा त्याच्या उशाशीं बसतो. त्याची पत्नी तीस-पस्तीस वर्षांची असते, तिची नोकरी सुटलेली असते, तिचा देह निरोगी असतो. आणि निरोगी आहे एवढ्यावरूनच तिची विचारपूस होत नाहीं. दोघे भाऊ एकाच खोलींत राहून अकोल्यास किंवा लातुरास वैद्यकीच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास करतात. ऐन परीक्षेच्या तोंडावर धाकटा आजारी पडतो, आणि थोरला त्याच्यापाशीं रात्रीं जागतो. निकालाच्या दिवशीं धाकट्याचे गुण कमी कां, हें सर्वांस समजतें. थोरल्याचे कां, हें कोणास आठवत नाहीं. वडिलांचा धंदा बसला म्हणून मुलीचें शिक्षण थांबतें. घरांत वडिलांस धीर देणारे दहा असतात. मुलगी समजूतदार आहे, असें सर्व म्हणतात आणि तिला समजूतदारपणावर सोडून देतात. रामायणांत वनवास रामलक्ष्मणांस घडला आणि सीतेस घडला, हें आपण मुलांस सांगतों. अयोध्येच्या वाड्यांत राहिलेल्या ऊर्मिलेस काय घडलें, तें सांगावयास आपल्यापाशीं चार ओळीही नसतात.

कोणी म्हणेल, हा तर दुखणाईतावर अन्याय झाला. आधींच पीडलेल्या माणसास, तुझ्यामुळें दुसऱ्याचें नुकसान झालें असें ऐकवावयाचें काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. जखमी माणूस पुष्कळदां दुसऱ्यासाठींच दुखणें लपवितो, आणि त्यानें तें अधिकच वाढतें. पडत असतांही पुन्हां पुन्हां उठणारा रँडी काय मनांत घेऊन उठत होता, हें सांगावयास ज्योतिषी नको. एकाचें दुःख मानलें म्हणजे दुसऱ्याचें कमी होतें, असा हा हिशेबच नव्हे. दुःखाची वांटणी केली असतां दोघांचेंही ओझें हलकें होतें. तें एकाच्याच नांवावर लिहिलें कीं दोघेंही एकटीं पडतात.

येथें निक्स गुरुजींचें वर्तन आम्हांस फार मोलाचें वाटतें. त्या क्षणीं 'आपण थांबूं या' असें टाय म्हणती, तर जन्मभर तिच्या मनांत राहतें कीं, मीच धीर सोडला. रँडी म्हणता, तर त्यास वाटतें कीं, मींच तिचें स्वप्न मोडलें. दोघेंही न बोलतीं, आणि उंच उचललेली मुलगी बधिर पायावरून खालीं येती, तर मग पदकाची गोष्टच कोणी काढली नसती. गुरूनें हा निर्णय दोघांच्याही माथ्यावरून काढून आपल्या माथ्यावर घेतला. घरांतील वडीलधाऱ्यांचें कामही हेंच आहे. आपण मुलांस म्हणतों, 'तुझें तूं ठरव,' आणि त्यास स्वातंत्र्य असें नांव देतों. एरवीं तें योग्य आहे. परंतु ज्या निर्णयानें दोन जिवलगांपैकीं एक अपराधी ठरणार, तो निर्णय त्यांच्यावर टाकणें म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. तें आपलें अंग चोरणें होय. वडील माणसाच्या पदरीं दोष आला तरी त्याचें वय तो पेलूं शकतें.

पुढें दोघांचें काय झालें? तीं वेगळीं झालीं नाहींत. 'आइस कपेड्स' या मोठ्या फिरत्या संचांत तीं व्यावसायिक म्हणून खेळूं लागलीं, आणि पदकाशिवायही लोकांनीं त्यांस प्रेमानें पाहिलें. परंतु टायचें मन आंतून पोखरत गेलें. मद्य आणि औषधें यांचा आश्रय, सतत प्रवास, एकटेपण, यांत ती खोल उतरत गेली. १९८८ सालीं तर स्वतःचें जीवित संपविण्याच्या टोंकापर्यंत जाऊन ती परत आली. यास ती एकच रात्र कारण होती असें म्हणणें अविचाराचें होईल; मनाचे रोग एका धाग्याचे विणलेले नसतात. परंतु आठव्या वर्षापासून जिला एकच ध्येय, एकच दिनक्रम आणि एकच आरसा दिला गेला, तिच्यापाशीं तो आरसा फुटल्यावर पाहावयास दुसरें कांहीं उरलें नव्हतें, एवढें कोणासही समजावें. सुदैवानें तिला मदत मिळाली, ती सावरली, आणि आपलें दुखणें लपवून न ठेवतां तिनें तें जाहीरपणें सांगितलें. १९९० सालीं तिच्या चरित्रावर दूरचित्रवाणीचा चित्रपटही निघाला. १९९१ सालीं टाय आणि रँडी या दोघांस अमेरिकेच्या कीर्तिमंदिरांत एकत्रच स्थान मिळालें. ऑलिंपिकचें पदक दोघांपाशींही नाहीं. जोडी मात्र टिकली. ज्याच्या पायामुळें सर्व गेलें, त्याचाच हात धरून ती पुढें वर्षानुवर्षें बर्फावर उतरत राहिली. आम्हांस हें त्या व्हिएन्नाच्या विजयाहून मोठें वाटतें.

आमच्या वाचकांच्या घरीं बर्फावर नाचणारी मुलगी नसेल. परंतु एका ध्येयास जुंपलेलीं मुलें घरोघरीं आहेत. आठवींत असतांनाच त्यांचा क्रिकेटचा चेंडू, गाण्याची पेटी, सायंकाळचें फिरणें बंद होतें, आणि सारें आयुष्य एका परीक्षेच्या तीन तासांवर येऊन उभें राहतें. आम्ही एकाग्रतेचे शत्रु नाहीं. संस्कृत रूपावलि पाठ केलेल्या पिढीस एकाग्रतेचा महिमा सांगावा लागत नाहीं. पण झाडास मुख्य मूळ असतें तशीं उपमुळेंही असतात, आणि वादळांत झाड उभें राहतें तें दोहोंच्या जोरावर. मुलाच्या हातीं दुसरें कांहींतरी राहूं द्यावें: एखादी कला, एखादा मित्र, घरांतील एखादें काम, कीं ज्यास गुण मिळत नाहींत आणि जें नापास होत नाहीं.

आणि दुसरी विनंति याहून सोपी आहे. घरांत कोणास अपयश आलें, कोणी आजारी पडलें, कोणाची संधि हुकली, तर प्रथम त्याच्याकडे अवश्य धांवावें. त्यानंतर, त्याच दिवशीं, त्याच्या जोडीचें माणूस कोण होतें हें आठवावें: पत्नी, भाऊ, बहीण, अभ्यासाचा सोबती. त्यास बाजूस घेऊन, 'तूं कसा आहेस? तुझें काय राहिलें?' एवढें विचारावें. उत्तर बहुधा 'मला काय झालें आहे!' असें येईल. तेथें न थांबतां थोडा वेळ जवळ बसावें. 'अमुक झालें असतें तर' ही भाषा मात्र त्या घरांत काढूं नये. त्या प्रश्नाचें उत्तर लेक प्लॅसिडला सांपडलें नाहीं, तें आपल्या ओसरीवरही सांपडणार नाहीं.

रुग्णाची शुश्रूषा आपल्या कुटुंबांत परंपरेनें होत आली आहे, आणि तिचा आपणांस अभिमान वाटतो तो योग्यच आहे. तिच्यांत एवढीच भर घातली पाहिजे कीं, लंगडणाऱ्यास आधार देतांना त्याच्या शेजारीं मुकाट्यानें उभ्या असलेल्या धड पायाच्या माणसासही बसावयास पाट द्यावा.